मोजक्या रोपांचं गणित

कोबी आणि ब्रोकोलीवर पडणाऱ्या अळीबद्दल मराठीत जो सल्ला मिळतो तो बहुतेक सगळा एकराच्या हिशेबात असतो. हेक्टरी औषध किती, पाणी किती, लावणीनंतर पहिली फवारणी कधी आणि दुसरी कधी. सल्ला चुकीचा नसतो. ज्याच्यासाठी तो तयार झाला त्या शेतकऱ्याच्या वावरात हजारो रोपं उभी असतात, मजुरीचा दर त्याच्या डोक्यावर असतो, छिद्रं पडलेल्या गड्ड्याला बाजारात भाव नसतो, आणि एकेका पानाची मागची बाजू बघत बसणं त्याला कधीच परवडणार नसतं. त्याच्या हिशेबात औषध म्हणजे वाचलेली मजुरी. गच्चीवर किंवा परसात दहा-वीस रोपं लावणारा माणूस हाच सल्ला हजाराने भागून वापरायला जातो आणि तिथेच चुकतो. मोजक्या रोपांच्या बागेत मजुरी द्यावी लागत नाही, प्रत्येक पान हाताच्या टप्प्यात असतं. अवघड असतं ते औषध अचूक मोजणं, नेमक्या दिवशी मारणं आणि मारल्यावर ती भाजी किती दिवस खायची नाही हे पाळणं. शेतात जे स्वस्त ते घरी महाग, आणि शेतात जे परवडत नाही ते घरी सहज जमतं. म्हणून घरचा कोबी राखण्यासाठी फवारणीपासून सुरुवात करणं मला पटत नाही. लावणीच्या दिवसापासून घातलेली जाळी आणि दोन-तीन दिवसांआड पानं उलटून पाहणारी बोटं एवढ्यावर बरंचसं काम होतं. बाकीचे उपाय त्यानंतरचे. या मताचा आधार अळीच्या स्वभावात आहे, म्हणून आधी तिच्याकडे बघू.

पहिला घोटाळा ओळखीतच होतो. बागकामाचे पुष्कळसे व्हिडिओ इंग्लंड-अमेरिकेतले असतात आणि त्यात कोबीचा शत्रू म्हणून पांढरं फुलपाखरू दाखवतात, भर उन्हात पानांवर उतरणारं. आपल्या देशात त्याचा खरा उपद्रव उत्तरेकडे, थंडीच्या दिवसांत. महाराष्ट्रातली मुख्य कीड आहे चौकोनी ठिपक्यांचा पतंग, ज्याला शेतकरी सरसकट डीबीएम म्हणतात. भारतात कोबीवर्गीय भाज्यांवर त्याची नोंद १९१४ सालापासून आहे. पतंग करडा-तपकिरी, जेमतेम एक सेंटिमीटर लांब. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकटींची ओळ दिसते. तो दिवसा पानाआड दबून असतो आणि तिन्हीसांजेनंतर उडायला लागतो. त्यामुळे बागेत फुलपाखरू फिरकलेलं नाही म्हणून निर्धास्त असणाऱ्याला एका सकाळी पानांची चाळण झालेली दिसते आणि अळी अचानक आली असं वाटतं. ती अचानक आलेली नसते, आठवडाभर तिथेच असते. तिच्या जोडीला तंबाखूवरची पानं खाणारी अळी असते, तिला हल्ली सगळे स्पोडोप्टेरा म्हणतात. पाठ उंचावून चालणारी उंटअळी असते. पानं धाग्यांनी गुंडाळणारी एक असते. आणि शेंड्यात शिरणारी गड्डा पोखरणारी अळी असते, जिच्याबद्दल पुढे बोलावंच लागेल.

डीबीएमची मादी पानाच्या मागच्या बाजूला, शिरांच्या कडेने, एकेक किंवा दोन-चार मिळून अंडी घालते. अंडं अर्धा मिलिमीटरही भरत नाही. उबदार हवेत तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि सुरुवातीला पानाच्या आतच, दोन पापुद्र्यांमधला गर खात राहते. मग बाहेर येऊन ती खालून खरवडते, पण वरचा पापुद्रा शिल्लक ठेवते, म्हणून पानावर आधी पारदर्शक खिडक्या दिसतात आणि छिद्रं नंतर. पूर्ण वाढलेली अळीही सेंटिमीटरभरच असते, हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. बोट लावलं की तडफडत मागे सरकते आणि रेशमी धाग्याला लटकून खाली उतरते. कोषही पानावरच. हा सगळा फेरा थंडीत लांबतो आणि ऊन तापलं की दोन-तीन आठवड्यांत संपतो, म्हणजे एका गड्ड्याच्या आयुष्यात तिच्या तीन-चार पिढ्या होऊन जातात. आता या कुळातल्या भाज्यांचा बचाव बघा. कोबी, मोहरी, मुळा यांच्या पानांत गंधकयुक्त संयुगं असतात. पान चावलं गेलं की त्यातून मोहरीचा तो झणझणीत तिखटपणा तयार होतो आणि बहुतेक किडे मागे फिरतात. डीबीएमच्या आतड्यात मात्र हा तिखटपणा तयार होण्याआधीच मूळ संयुग निकामी करणारं विकर आहे. २००२ साली संशोधकांनी ते दाखवून दिलं. मादी तर अंडी कुठे घालायची हे याच संयुगांवरून ओळखते. झाडाचं हत्यारच तिचा पत्ता झालेलं आहे. ज्या किडीने मोहरीचा झणका पचवला तिला लसूण-मिरचीच्या पाण्याने पळवून लावता येईल, यावर माझा फारसा भरवसा नाही तो यामुळे.

आणि रासायनिक औषधांचा इतिहास याहून बोलका आहे. १९५३ साली जावा बेटावरच्या लेंबांगमधून अहवाल आला की तिथल्या कोबीवरचा हा पतंग डीडीटीला दाद देत नाही. शेतातल्या पिकावरची एखादी कीड डीडीटीला पुरून उरल्याच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. भारतात १९६८ साली लुधियानातून डीडीटी आणि पॅराथिऑन या दोन्ही कीटकनाशकांबद्दल तशीच नोंद झाली. त्यानंतर जो जो नवा गट बाजारात आला त्याचं थोड्याफार वर्षांत हेच झालं. प्रश्न इतका चिघळला की १९८५ साली तैवानमध्ये फक्त या एका पतंगावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरवावी लागली. घरच्या बागेशी याचा संबंध असा की गच्चीवर येणारा पतंग कुठल्यातरी भाजीच्या मळ्यातून किंवा रोपवाटिकेतून आलेला असतो, आणि तो अनेक फवारण्यांतून वाचलेल्या आईबापांचा वारस असतो. त्याला घरचा माणूस काय देणार, तर कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या बाटलीचं अर्धं झाकण, अंदाजाने घेतलेल्या पाण्यात, ते पाणीही पानाच्या वरच्या बाजूला. लेबलवरची मात्रा हेक्टरसाठी असते. बारा रोपांसाठी ती काही थेंबांवर येते आणि असे थेंब मोजायचं साधन स्वयंपाकघरात नसतं. कमी पडलं तर अळी वाचते, जास्त पडलं तर ते आपल्या ताटात येतं.

अळीइतकंच झाडाकडेही बघायला हवं, कारण कोबीची सगळी पानं सारख्या मोलाची नसतात. बाहेरची जुनी पानं गड्ड्याला अन्न पुरवतात. त्यांतलं एखाद-दुसरं कुरतडलं गेलं तरी झाड ते सोसतं, आणि तशीही ती पानं आपण खात नाही. शेंड्याचं तसं नाही. लावणीपासून गड्डा धरेपर्यंतच्या चार-पाच आठवड्यांत झाडाचं सगळं भविष्य मधल्या त्या कोवळ्या डोळ्यात असतं. गड्डा पोखरणारी अळी नेमकी तिथे जाळं विणून शिरते. डोळा गेला की झाड बाजूने चार-पाच फुटवे काढतं आणि एकही धड गड्डा धरत नाही. शेतात शंभरात पाच रोपं अशी गेली तर शेतकरी ते हिशेबात धरून पुढे जातो. कीडशास्त्रात 'आर्थिक नुकसानीची पातळी' ही कल्पना त्यासाठीच आहे, नुकसान औषधाच्या खर्चापेक्षा जास्त होईल तेव्हाच औषध मारा असं सांगणारी. आठ कुंड्यांच्या बागेत मात्र एक अळी म्हणजे एक गड्डा. ब्रोकोलीचं गणित आणखी निराळं: तिची पानं थोडी खाल्ली गेली तर बिघडत नाही, पण आपण खातो तो तिच्या कळ्यांचा झुबका, आणि त्यात शिरलेली हिरवी अळी हिरव्या कळ्यांत दिसतच नाही. तेव्हा घरच्या बागेत नुकसान झाल्यावर उपाय शोधण्याला अर्थ उरत नाही. मादीला पानापर्यंत पोचूच न देणं हा खरा उपाय, आणि ते काम जाळी करते.

जाळी म्हटलं की हिरवं शेडनेट आणलं जातं, ते मात्र आणू नये. शेडनेट सावलीसाठी असतं. कोबीला दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन लागतं आणि पन्नास टक्के सावलीत तो नुसता पानांनी वाढतो. पाखरांसाठीची मोठ्या घरांची जाळीही उपयोगाची नाही, कारण हा बारका पतंग तिच्यातून सहज आत जाईल. लागते ती मच्छरदाणीच्या विणीची पांढरी जाळी, किंवा रोपवाटिकेत वापरतात ती इन्सेक्ट नेट. जुनी मच्छरदाणी फाटकी नसेल तर उत्तम. ती रोपांवर नुसती टाकून भागत नाही. बांबूच्या कामट्या किंवा वाकवलेले पीव्हीसी पाइप यांची कमान हवी, आणि ती पूर्ण वाढलेल्या झाडापेक्षा वीतभर उंच हवी, कारण पान जाळीला टेकलं की मादी बाहेर बसून जाळीतूनच अंडी घालू शकते. खालची कड मातीत दाबायची किंवा विटांनी, फरशीच्या तुकड्यांनी बंद करायची. काकडी-दुधीवर अशी जाळी घातली तर मधमाशा येऊ शकत नाहीत आणि फळ धरत नाही. कोबी आणि ब्रोकोली आपण फुलण्याआधीच काढतो, त्यामुळे या दोघांना परागीभवनाची गरजच नाही. जाळीखाली लावण्यासाठी याहून सोयीची भाजी सापडणं कठीण.

यावर पहिला आक्षेप उकाड्याचा, आणि तो रास्त आहे. ऑक्टोबरच्या उन्हात बारीक जाळीखाली हवा कोंडते, आणि कोबी थंडीचं पीक. याचं उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन या उष्ण देशातून मिळतं. तिथे कोबीच्या वाफ्यांवर लाकडी चौकटीला ताणलेली मच्छरदाणीची जाळी फक्त रात्री घालून आणि दिवसा काढून चाचण्या झाल्या. २००६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या रात्रीच्या जाळीनेही डीबीएमच्या अळ्या स्पष्टपणे कमी राहिल्या, आणि विकण्याजोगे गड्डे फवारणीच्या वाफ्यांपेक्षा जास्त मिळाले. पतंग तिन्हीसांजेनंतर उडतो हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. आपल्याकडे दिवसा येणाऱ्या पांढऱ्या फुलपाखराचा त्रास कमी, म्हणून ही पद्धत इथे उलट जास्तच चपखल बसते: दिवेलागणीच्या आत जाळी ओढायची, सकाळी ऊन वर आलं की बाजूला करायची. दुसरा आक्षेप मित्रकीटकांचा. जाळी अळीला अडवते तशी ती अळीच्या पोटात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाशीलाही अडवते. अळ्या टिपणारे वटवट्या आणि दयाळ हे पक्षीही आत जाऊ शकत नाहीत. आणि मावा खाणारे ढालकिडे बाहेर राहिल्यामुळे आत मावा बिनघोर वाढतो. हे खरं आहे. बेनिनमध्येही साध्या जाळीने माव्याला पुरता आळा बसला नव्हता. पण दिवसा उघडी असलेली जाळी याही अडचणीवर तोड काढते, कारण आपले हे मित्र बहुतेक दिवसाच काम करतात. ज्याला रोज दोन वेळा गच्चीवर जाणं जमत नाही त्याने जाळी कायमची ठेवावी आणि मावा दिसला की पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा. मावा धुऊन जातो. शेंड्यात शिरलेली अळी जात नाही.

खरा धोका मला याहून वेगळ्या ठिकाणी दिसतो. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर अंडी किंवा बारक्या अळ्या आधीच असतील आणि त्यांवर तशीच जाळी घातली, तर तो चोराला घरात ठेवून दाराला कडी घालण्याचा प्रकार होतो. बाहेर तिला खाणारं कोणीतरी होतं, आत कोणीच नाही. म्हणून लावणीआधी प्रत्येक रोपाची पानं उजेडाकडे धरून मागून पाहावीत, ओल्या फडक्याने पुसावीत, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा पाहावीत, म्हणजे पहिल्या वेळी सुटलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या सापडतात. स्पोडोप्टेराची गोष्ट आणखी फसवी. ती कोष मातीत करते. मागच्या हंगामाची माती तशीच कुंडीत भरली असेल तर पतंग जाळीच्या आतच जन्माला येतो. माती पसरून उन्हात चार-आठ दिवस वाळवणं, हाताने चाळून तपकिरी कोष वेचणं ही जुनीच कामं आहेत, फक्त ती जाळी घालण्याच्या आधी व्हायला हवीत.

जाळी कितीही नीट असली तरी बोटांचं काम संपत नाही, आणि या कामात काय शोधायचं हे कळलं की ते फार वेळ खात नाही. अळी शोधू नये, तिच्या खुणा शोधाव्यात. पानांच्या बेचक्यात गडद हिरव्या लेंड्या पडलेल्या असतात. ताज्या असतील तर वरच्या पानात अळी आहेच. पारदर्शक खिडक्या म्हणजे डीबीएम. शेंड्यावर विणलेलं जाळं म्हणजे पोखरणारी अळी, आणि मग उद्यावर ढकलायचं नाही; टाचणीने जाळं उकलून ती त्याच क्षणी काढायची. पानाच्या मागे तपकिरी लवेने झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला तर तो स्पोडोप्टेराचा, त्यात शेकडो अंडी असतात; तेवढा पानाचा तुकडा तोडला की एका हालचालीत शेकडो अळ्या संपतात, जे कुठल्याच बाटलीला इतक्या स्वस्तात जमणार नाही. तिच्या मोठ्या अळ्या दिवसा मातीत दडतात आणि रात्री खातात, म्हणून कुरतडलेलं झाड आहे पण अळी सापडत नाही असं झालं की रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन बघावं. पुष्कळांना अळी चिरडवत नाही, आणि ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी तर जाळी हाच उपाय, कारण सगळ्या उपायांत तेवढी एकच कोणाचा जीव घेत नाही. फवारणीतही अळी मरतेच, फक्त आपण बघत नसतो.

'कडुनिंब तर नैसर्गिक आहे, मग तो मारला की झालं' हे सर्वांत जास्त ऐकू येणारं म्हणणं. कडुनिंबाला मी कमी लेखत नाही. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या अर्काला टोळधाड तोंड लावत नाही हे दाखवलं, ते आपल्या मातीतलं अस्सल संशोधन. घरी पाच टक्के अर्क करायला सोपा: लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड, रात्रभर भिजवून फडक्याने गाळलेली. पण तो काय करतो हे समजून घ्यायला हवं. त्यातलं अझाडिरॅक्टिन अळीची खाण्याची इच्छा मारतं आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. ती दुसऱ्या दिवशी मेलेली दिसत नाही. दिसत नाही म्हणून माणूस धीर सोडतो आणि दुकानातून काहीतरी जहाल आणतो. उन्हात हे द्रव्य काही दिवसांत निकामी होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी आणि दर आठवड्याला. शिवाय कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी त्यावरून ओघळून जातं. थोडा साबण मिसळला नाही आणि नोझल खालून वर धरला नाही, तर सगळी मेहनत कुंडीच्या मातीत. आणि अंडी घालणाऱ्या मादीला जाळी अडवते तसा हा अर्क तिला पुरता अडवत नाही. जाळीतून निसटलेल्या एखाद-दुसऱ्या पिढीवरचा दुसरा उपाय म्हणून निंबोळी चांगली. पहिला उपाय म्हणून तिच्यावर विसंबणारा नेहमी आठवडाभर मागे राहतो.

बीटीबद्दल वेगळाच गोंधळ. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, २०१० साली बीटी वांग्याला स्थगिती मिळाली, आणि त्या वादांत 'बीटी' ही दोन अक्षरं अनेकांच्या मनात संशयास्पद होऊन बसली. फवारणीचं बीटी म्हणजे ज्या जिवाणूच्या नावाची ही दोन अक्षरं आहेत तो जिवाणूच. त्यात झाडाच्या जनुकांत काही घातलेलं नसतं. अळीच्या आतड्यातलं पाचक द्रव्य अल्कधर्मी असतं, तिथे या जिवाणूतले प्रथिनांचे स्फटिक विरघळतात आणि आतडं फाडतात. अळी काही तासांत खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि ते प्रथिन जिथे चिकटतं ती जागाही नसते. लहान अळ्यांवर हे औषध खरोखर चांगलं, आणि रासायनिक औषधाऐवजी काही मारायचंच असेल तर मी हेच सुचवेन. दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. डीबीएमने यालाही पुरून उरून दाखवलं आहे, १९९० सालची हवाईची नोंद आहे. म्हणजे तेही ऊठसूट मारण्याचं औषध नव्हे. आणि हा जिवाणू पहिल्यांदा सापडला तोच १९०१ साली जपानमध्ये, मेलेल्या रेशीम अळ्यांमध्ये. त्याला कोबीवरची अळी आणि दुसरी अळी असा भेद कळत नाही. शेजारच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर फुलपाखराची अळी वाढत असेल तर तिच्यावरही तो उडू शकतो, आणि बीड-जालन्याकडे तुतीच्या बागेशेजारी भाजी करणाऱ्याने तर त्याच्यापासून लांबच राहावं.

मोहरीच्या सापळा पिकाचा सल्ला बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा, आणि शेतासाठी तो उत्तम आहे: कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक लावणीच्या पंधरा दिवस आधी पेरलेली आणि दुसरी पंचवीस दिवसांनी. पतंग मोहरीवर जमतात, तिथेच त्यांचा समाचार घेता येतो. गच्चीवर हे अंतरच मिळत नाही. कोबीच्या कुंडीला लागून मोहरीची कुंडी ठेवली तर आपण पतंगाला हाताला धरून घरी आणतो, आणि मोहरी वेळीच साफ केली नाही तर तीच अळ्यांची रोपवाटिका होते. झेंडूचंही असंच: टोमॅटोवरच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी तो लावतात, कोबीवर त्याची पुण्याई चालेल असं धरून चालू नये. त्यापेक्षा मला इंग्लंडमधल्या वेल्सबर्नच्या फिंच आणि कॉलियर या कीटकतज्ज्ञांचं म्हणणं जास्त उपयोगी वाटतं. त्यांच्या मते पानावर उतरेपर्यंत उडत्या मादीला खालची कुठलीही हिरवी गोष्ट सारखीच. मोकळ्या तपकिरी जमिनीवर एकटं उभं असलेलं कोबीचं झाड तिला हमखास सापडतं, आणि भोवती दुसरी हिरवळ असली तर ती चुकीच्या पानांवर उतरत राहते आणि कंटाळून निघून जाते. म्हणजे वाफा चकाचक ठेवण्याची आपली आवड पतंगाच्या पथ्यावर पडते. कोबीच्या भोवती मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात दाट लावायला काहीच खर्च नाही. फक्त ती गड्ड्याचं पाणी आणि खत पळवणार नाही एवढी आटोक्यात ठेवायची.

एवढं सगळं करण्यामागे पुष्कळ घरांत एक भीती असते, तिचाही हिशेब व्हायला हवा. कोबीतला किडा डोक्यात जातो, हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक स्वयंपाकघरांनी ऐकलेलं आहे. मेंदूत जाणारा तो जंतू म्हणजे डुकराच्या फीतकृमीचं पिल्लू. त्या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात, सांडपाण्यावर पोसलेल्या किंवा घाण हातांनी हाताळलेल्या कुठल्याही कच्च्या भाजीबरोबर ती पोटात जाऊ शकतात, आणि डोळ्यांना ती दिसत नाहीत. पानावर वळवळणाऱ्या हिरव्या अळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ही गल्लत साधी नाही, कारण तिच्यामुळे एकही अळी नको म्हणून जास्त फवारलेला कोबी निवडला जातो आणि ज्याच्यापासून खरा धोका आहे ते पाणी कुठलं हे कोणी विचारत नाही. घरी स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या ब्रोकोलीत एखादी अळी निघाली तर झुबक्याचे तुकडे करून ते मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवावेत, ती वर येते.

राहता राहिला काळ. लहान गोल गड्ड्याच्या गोल्डन एकरसारख्या लवकर येणाऱ्या जाती लावणीनंतर साठ-पासष्ट दिवसांत काढणीला येतात. ऑक्टोबरात लावलेला असा कोबी डिसेंबरअखेर घरात येतो, तेव्हा थंडीमुळे पतंगाचा फेरा मंद असतो. डिसेंबरात लावलेला फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतो, जेव्हा पिढीवर पिढी चढत असते आणि अळी धुऊन काढणारा पाऊसही नसतो. घरच्या बागेसाठी माझं मत स्पष्ट आहे: उशिरा लावायचाच नाही. ब्रोकोलीच्या बाबतीत मोह होतो, कारण मुख्य झुबका काढल्यावर बाजूने छोटे छोटे फुटत राहतात आणि झाड ठेवावंसं वाटतं. दोन-तीन तोडे घ्यावेत, फेब्रुवारीच्या मध्यावर मात्र झाड उपटावं. कोबीचा गड्डा कापल्यावर राहिलेला बुंधाही तसाच ठेवू नये. तो कोवळे फुटवे काढतो आणि पुढच्या हंगामाची बेगमी पतंगाला आयती मिळते. उपटलेल्या पानांवर कोष असतातच, म्हणून ती उघड्या कंपोस्टच्या ढिगावर न टाकता काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवावीत आणि मग खतात घालावीत. त्या कुंडीत पुढे मुळा किंवा मोहरी घेऊ नये, ती त्याच कुळातली. भेंडी किंवा गवार चालेल.